मुलं पक्षी बघताना दहा मिनिटांत कंटाळतात. लक्ष देऊन बघायला कसं शिकवावं?

माझी मुलगीही अशीच कंटाळायची. ती आठ वर्षांची असताना तिला सोलापूरजवळ तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर पहिल्यांदा नेलं. 'तो शेकाट्या, तो वारकरी' असं मी दाखवत गेलो. ती 'हं, हं' करत राहिली आणि थोड्याच वेळात 'बाबा, घरी चला' सुरू झालं.

माझी चूक आईनं सुधारली. आई खेड्यात वाढलेली. सुगीत माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवत तिनं ज्वारी राखलेली आहे. भोरड्यांचा थवा शेतात उतरण्याआधी कसा वळतो, हे ती अजून हातानं करून दाखवते. पुढच्या रविवारी तिलाही सोबत नेलं. तिनं नातीला शेजारी बसवलं आणि पाण्यातल्या एका चिमुकल्या तपकिरी पाखराकडं बोट केलं. "नाव राहू दे त्येचं. काय करायलंय तेवढं बघ."

ती टिबुकली होती. तिनं बुडी मारली तशी पोरगी आकडे मोजू लागली. चौदाला टिबुकली भलतीकडंच वर आली, पुढच्या खेपेला सोळाला. मग आजी-नातीची पैज लागली, आता कुठं निघणार? अर्ध्या तासानं मुलगी म्हणाली, "बाबा, बुडायच्या आधी ती बारीक होते." मी निरखून पाहिलं, खरंच! पिसं अंगाशी आवळून ती त्यांतली हवा काढून टाकते, म्हणजे बुडणं सोपं जातं. इतकी वर्षं टिबुकल्या बघत होतो, पण हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडं एका फेरीत एकच पक्षी, निदान पंधरा मिनिटं. पुस्तक घरी आल्यावर उघडायचं. तलाव लांब असेल तर गल्लीतल्या तारेवरचा वेडा राघू घ्या. तो झेप घेऊन बहुतेक वेळा त्याच जागी परततो, मधमाशी तारेवर आपटतो, तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. किती वेळा आपटली, हे मुलांना मोजू द्या.

नान्नजच्या अभयारण्यात मात्र माळढोक दिसेल असं सांगून मुलांना नेऊ नका, आता तो दिसणं फार दुर्मिळ झालंय. तिथल्या माळावर टिटवी बघा. तिची अंडी खड्यांत खडे वाटावीत अशी असतात. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर आल्या पावली मागं फिरा.

आणि नावांची घाई करू नका. आपल्या सोलापूरचे अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हा शब्द दिला, तो रानात वर्षानुवर्षं बघितल्यावर. आमच्या घरी टिबुकलीला अजून 'बारीक होणारी' म्हणतात. थंडीत हिप्परग्यावर चक्रवाक येतात. आईनं आत्ताच विचारलंय, यंदा कधी जायचं म्हणून.