ओरेमची थिअरी वॉर्डातल्या पेशंटला नेमकी कशी लावायची?

तुम्ही विचारलंय की केस स्टडीला ओरेमची सेल्फ केअर डेफिसिट (स्वतःची काळजी घेण्यातली कमतरता) थिअरी घेतलीय, वाचून कळते पण पेशंटसमोर उभं राहिलं की काय लिहायचं ते सुचत नाही. मी सिंधुदुर्गात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, त्यामुळे आमच्याकडे येतात तशाच पेशंटवरून सांगते.

डोरोथिया ओरेम या अमेरिकन नर्सचं पुस्तक १९७१ चं, आणि मूळ म्हणणं सरळ आहे, माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो, जिथे त्याला ते जमत नाही तिथेच आणि तेवढीच नर्स लागते. स्टुडंट्स काय करतात, डायग्नोसिस बघून 'पार्टली कॉम्पेन्सेटरी' (काम थोडं पेशंटचं, थोडं नर्सचं) असा एकच शिक्का मारतात आणि सगळा प्लॅन त्याखाली कोंबतात. प्लीज तसं करू नका, एकेक काम घेऊन बघा.

समजा मालवणकडचे एक खलाशी काका आहेत, जुना डायबेटिस, तळपायात शिंगाळा माशाचा काटा घुसला, जखम चिघळली आणि आता डिब्राइडमेंट (जखमेतला सडलेला भाग काढणं) होऊन बेडवर आहेत. विचारलं की म्हणतात, "माका कायच दुखत नाय". हे ऐकून बरं वाटून घेऊ नका, पायाच्या नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही, म्हणजे पाय सांभाळायला माणसाला जी वेदना लागते तीच गेलीय, सगळ्यात मोठी डेफिसिट ही आहे आणि ती पहिली लिहा.

आता ड्रेसिंग पूर्ण तुमचं, हे होली कॉम्पेन्सेटरी. बाथरूमला जाताना जखमेच्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून वॉकर आणि तुमचा आधार, म्हणजे काम अर्धं त्यांचं अर्धं तुमचं, हे पार्टली कॉम्पेन्सेटरी. इन्सुलिन आधी तुम्ही टोचून दाखवायचं, मग ते टोचतील आणि तुम्ही नुसतं बघायचं, हे सपोर्टिव्ह एज्युकेटिव्ह. ओरेमच्या या तिन्ही नर्सिंग सिस्टिम एकाच माणसाला एकाच दिवशी लागू शकतात. आणि सूनबाई मायेने चमच्याने पेज भरवत असतील तर त्यांना प्रेमाने थांबवा, काकांचे हात धडधाकट आहेत, जेवण त्यांचं त्यांना जमतं.

खरा कस डिस्चार्जच्या वेळी लागतो. 'पाय कोरडे ठेवा' हे होडीवरच्या माणसाला सांगून काय उपयोग? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण नारळी पौर्णिमा झाली की काका परत समुद्रात जाणारच, म्हणून त्यांना आधी विचारा की तिथे दिवसभर काय काय करता आणि त्यावरून शिकवा. गमबूट घालण्याआधी आत हात घालून चाचपायचं, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, रोज संध्याकाळी आरशात तळवा बघायचा, नजर कमी असेल तर काकूंनी बघायचा. इन्सुलिन इंजिनजवळ ठेवायचं नाही तसंच मासळीच्या बर्फातही खुपसायचं नाही, गोठलं की ते वाया गेलं. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी जाळी ओढली तर साखर उतरते, घाम फुटला, हात थरथरले की लगेच खायला खिशात साखरेची पुडी हवीच.

इव्हॅल्युएशनमध्ये 'नॉलेज वाढलं' असं मोघम लिहू नका, काकांनी स्वतः टोचून दाखवलं का, पाय तपासून दाखवला का, ते लिहा. नसेल जमलं तर तसंही लिहा आणि घरात ते कोण करणार त्या माणसाला डिस्चार्जच्या आधी वॉर्डात बोलवून शिकवा.