सँटाच्या पोतडीत करदंट

डिसेंबर उजाडला की बेळगावच्या कॅम्पातल्या घरांवर कागदी चांदण्या लागतात, बेकऱ्यांतून प्लम केकचा वास रस्त्यावर येतो आणि माझ्याकडं ठरलेली विचारणा सुरू होते: आमच्या घरात एक डोंगरवेडा आहे, त्याला नाताळला काय द्यावं? या खेपेच्या प्रश्नांतले सात इथं घेतले आहेत. भेट आपल्या जवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात वापरायची आहे, मनालीत नव्हे, एवढं धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (कॅम्प, बेळगाव): माझे मिस्टर दर हिवाळ्यात मित्रांबरोबर तंबू ठोकून राहतात आणि घरी येऊन "रात्रभर कुडकुडलो" म्हणतात. त्यांना स्लीपिंग बॅग द्यायची आहे. दुकानदार उणे पाच अंशांची, पिसांची बॅग दाखवतोय. घेऊ का?

नका घेऊ. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे पारा साधारण १३ ते १५ अंशांवर असतो, कडाका पडला तर दहाच्या आसपास. उघड्या माळावर अजून दोन-तीन अंश कमी धरा. उणे पाचच्या बॅगेत तुमचे मिस्टर घामानं भिजतील, मग चेन उघडतील आणि मग खरोखरच कुडकुडतील.

बॅगेच्या लेबलावर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात बोट ठेवून दाखवतात तो बहुतेक वेळा सगळ्यात थंड आकडा. एक्स्ट्रीमचा अर्थ त्या थंडीत झोप लागेल असा नाही, कसाबसा जीव तगेल असा आहे. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा. तो ८ ते १० अंश असला की आपल्याकडं झालं काम.

आता पिसांचं. पिसांची बॅग हलकी आणि उबदार खरी, पण ओल लागली की पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. हिवाळ्यात आपल्याकडं पाऊस नसला तरी दव असतं, आणि तेही मरणाचं. कणकुंबीच्या पलीकडं एका शेतात मी एकदा असली बॅग घेऊन झोपलो होतो. पहाटे तंबूच्या आतून थेंब गळत होते. आपल्याच श्वासाची वाफ, दुसरं काही नाही. पायाकडची बाजू ओल्या फडक्यासारखी झाली. उरलेली रात्र शेतमालकाच्या चुलीपुढं काढली. त्याच्या हातचा चहा अजून आठवतो. बॅग मात्र विकून टाकली. घेणारच असाल तर सिंथेटिक भरावाची घ्या.

पण त्याआधी मिस्टरांना एक विचारा: अंगाखाली काय घालता? जमीन ऊब ओढून घेते, आणि अंगाच्या वजनानं बॅगेचा खालचा भराव दबला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. नुसती सतरंजी अंथरत असतील तर नव्या बॅगेनंतरही पुढच्या वर्षी तेच रडगाणं ऐकाल. फोमची घडीची चटई मिळते, तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब जमिनीत जाण्यापासून ती किती अडवते त्याचा आकडा, २ च्या आसपास लिहिलेली असते. चांगल्या बॅगेच्या मानानं ती कितीतरी स्वस्त. आधी ती द्या. गाडी जागेपर्यंत जाणार असेल तर जोडीला एक धनगरी घोंगडं. पाठीवर न्यायला जड, पण लोकर दमटली तरी ऊब सोडत नाही. आपले धनगर भर पावसात मेंढरं घेऊन फिरतात ते त्याच भरवशावर.

प्रश्न (उद्यमबाग): ऑफिसात सिक्रेट सँटा आहे, मर्यादा ५०० रुपये. माझ्या चिठ्ठीत ट्रेकला जाणारा सहकारी निघालाय. एवढ्यात काय येणार?

बरंच येतं. डोंगराचं चित्र छापलेला मग तेवढा देऊ नका; ट्रेकरांच्या घरी असले सहा-सात मग पडलेले असतात.

माझी पहिली पसंती गोकाकचं करदंट. हसू नका. परदेशी एनर्जी बारच्या वेष्टनावर काय लिहिलेलं असतं ते वाचा: सुका मेवा, बिया, चिकटपणासाठी कसला तरी पाक. आपल्या करदंटात सुका मेवा, डिंक आणि गूळ. पिशवीत दबलं तरी चुरा होत नाही, दुपारच्या उन्हात चॉकलेटसारखं वितळत नाही आणि चढावर दोन तुकडे तोंडात टाकले की तासभर पोट ओरडत नाही. अर्धा किलो आणा, सुपारीएवढे तुकडे करा, बटर पेपरात एकेक गुंडाळा आणि डब्यात भरा. कुंदा मात्र नको. कुंद्यावर माझं प्रेम आहे, पण तो खव्याचा. त्यानं घरीच राहावं.

उरलेल्या पैशांत एक चांगली शिट्टी आणि ओलं न होणारी छोटी पिशवी, म्हणजे ड्राय बॅग, बसेल. शिट्टी आतल्या गोळीशिवायची घ्या, म्हणजे पाणी किंवा थुंकी जाऊन अडकत नाही. धुक्यात वाट चुकलेल्याचा घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टीला तो त्रास नाही.

करदंट नकोच असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी, हेडलॅम्प. दीड-दोनशे ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) साधा दिवा पायवाटेला भरपूर होतो. हजार ल्युमेनच्या जाहिरातींना भुलू नका. तेवढ्या उजेडात सेल लवकर संपतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. लाल दिव्याची सोय असेल तर उत्तम: तंबूत शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही, आणि अंधाराला सरावलेले आपले डोळेही तसेच राहतात.

प्रश्न (निपाणी): भाऊ दुबईहून नाताळच्या सुट्टीला येतोय. मला ट्रेकिंगचं वेड म्हणून तो उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणि छोटा ड्रोन आणणार म्हणतो. आणू देऊ का?

आजच फोन करून थांबवा. हे उत्तर मी गमतीनं देत नाही.

भारतात उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. दुकानात ते साध्या जीपीएस यंत्राच्या शेजारीच ठेवलेलं असतं आणि दिसायलाही सारखंच, म्हणून लोक फसतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणानं अडवलं होतं. ती साधी हौशी मंडळी होती, हेर नव्हेत. फरक ओळखायची खूण सोपी आहे. यंत्र उपग्रहाकडून नुसतं ऐकत असेल, म्हणजे आपण कुठं आहोत एवढंच सांगत असेल, तर हरकत नाही. जीपीएसचं घड्याळ त्यातलं. ते उपग्रहाकडं बोलत असेल, संदेश पाठवत असेल, तर घोळ आहे.

ड्रोनचं तर सरळच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सवलत फक्त संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनाच्या कामाला. "खेळण्यातला आहे" म्हणून सुटका होत नाही.

भावाचा उत्साह वाया जाऊ नये म्हणून जीपीएस घड्याळ सुचवा, किंवा एक चांगली पॉवर बँक. दहा हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास (साठलेल्या विजेचं माप), वीस हजाराची ७४. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, पण हातातल्या सामानातच. मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन केली तर अडकेल, हे त्याला आवर्जून सांगा.

नकाशा त्यानं दुबईहून आणायची गरज नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. आपल्या भागाचा मोठ्या कागदावर छापून, प्लास्टिकच्या आवरणात घालून दिला तर मला स्वतःला घड्याळापेक्षा तो जास्त आवडेल. ओढे, पायवाटा, जुन्या वाड्यांची नावं… रात्रभर बघत बसतो माणूस.

प्रश्न (खानापूर): भाचा आठवीत आहे. सुट्टीत शाळेबरोबर दांडेलीच्या रानात शिबिराला जाणार. त्याला स्विस चाकू हवाय, मला दुर्बीण द्यावीशी वाटते.

दुर्बीण. चाकू पुढं कधीतरी, वडिलांच्या हातून.

दुकानात २०×५० असं काहीतरी दाखवतील आणि "मामी, वीस पट मोठं दिसतंय बघा" म्हणतील. वीस पटीत हाताची थरथरही वीस पट होते, त्यामुळं धनेश पक्षी दिसायच्या आधीच उडून जातो. ८×३२ किंवा ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ चं भिंग झाडीच्या सावलीत जास्त उजळ दाखवतं, पण वजनदार. तेरा वर्षांच्या मानेला ३२ बरं. दांडेलीला मलबारी धनेश कळपानं दिसतात, पोरगं वेडं होऊन परत येईल.

दुर्बिणीबरोबर दोन जोड लांब मोजे द्या आणि विजार मोज्यात खोवायला शिकवा. आपल्याकडं गोचिडांचा हंगाम डिसेंबरपासून मेपर्यंत चालतो, आणि माकडताप त्यांच्यामुळंच पसरतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखलेला हा ताप पुढं गोव्याच्या सत्तरीत आणि दोडामार्गातही येऊन गेला. पाचोळ्यावर नुसतं बसायचं नाही, खाली काहीतरी अंथरायचं. संध्याकाळी काखा, गुडघ्यामागं, कानामागं तपासायचं. गोचीड दिसलीच तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, काडी पेटवून चटका नको. परतल्यावर आठवडाभरात एकदम सणकून ताप आला तर डॉक्टरांना आधी "रानात जाऊन आलोय" हे सांगायचं. नाताळच्या भेटीच्या सदरात हे वाचायला बरं वाटत नसेल, पण मोजे ही काही वाईट भेट नाही.

प्रश्न (टिळकवाडी): मुलीला छोटी गॅस शेगडी द्यावी का?

द्या, पण गॅसचा डबा जाईल तिथंच विकत घ्यायला सांगा. विमानात आणि रेल्वेत तो चालत नाही. तंबूच्या आत शेगडी कधीच पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो. आणि भीमगड अभयारण्यात तंबू ठोकून चहा करायचा बेत असेल तर तो वनखात्याच्या परवानगीशिवाय होणार नाही.

प्रश्न (गोवावेस): पप्पा अडुसष्ट वर्षांचे. पंचवीस तारखेचं जेवण झालं की सव्वीसला आम्ही सगळे डोंगरावर जातो, हा त्यांचाच रिवाज. दोन वर्षं गुडघे दुखतात म्हणून ते खालीच गाडीत बसतात.

काठ्यांची जोडी. एक नव्हे, जोडी. गुडघ्याला त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो, आणि उतारावर दोन काठ्या थोडा भार हातांवर घेतात. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची ठेवायची, उतरताना पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची. ॲल्युमिनियमच्या घ्या, कार्बनच्या हलक्या असतात, पण जांभ्याच्या फटीत अडकल्या तर काडकन मोडतात. तळाला रबराचं टोपण हवं.

पप्पा "मी काय म्हातारा झालो का" म्हणणार. म्हणून आधी तुम्ही स्वतः काठ्या घेऊन चाला. पहिल्या वर्षी राजहंसगड करा, तिथं गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. जमलं तर पुढच्या नाताळला वैजनाथाचा डोंगर.

प्रश्न (शहापूर): आमचा दहा जणांचा गट आहे. खानापूर तालुक्यातल्या एका वाडीतला माणूस पाच-सहा वर्षं आम्हाला वाट दाखवतो. त्याला नाताळची भेट द्यावी असं ठरलंय. तो ख्रिश्चन नाही, आम्हीही नाही.

त्यानं काही बिघडत नाही. बेळगावात नाताळचा केक कुणाच्या घरी जात नाही?

फक्त तुमची जुनी जॅकेटं आणि फाटके बूट देऊ नका. अशा भेटींनी त्याच्या घराचा माळा भरलेला असेल. नवं काहीतरी द्या. पावसाळ्यातही तो गुरांमागं रानात जातो, तेव्हा घोट्याच्या वर येणारे गमबूट आणि जाड रेनकोट. वाडीत वीज जात असेल तर चार्जिंगची बॅटरी. आणि या सहा वर्षांत तुम्ही त्याचे ढीगभर फोटो काढले असणार. त्यातला एकही त्याच्यापर्यंत पोचला नसेल. दहा-बारा निवडून कागदावर छापून न्या. मजुरी वेगळी, ती दरवेळी त्याच दिवशी हातात. भेटीत तिचा हिशोब धरू नका.

गमबुटांचं माप त्याला विचारू नका, "कशाला, राहू दे" म्हणेल. त्याच्या बायकोला विचारा.