पार्लरमधल्या इन्फ्रारेड ब्लँकेटने पोटाची चरबी खरंच उतरते का?

नाही. अंगाला गुंडाळलेल्या त्या गरम ब्लँकेटने घाम येतो, आणि काटा खाली येतो तो त्या घामामुळे. एक लिटर घाम गेला की एक किलो कमी दिसतं, दोन तांबे पाणी प्यायलात की परत जैसे थे. ब्लँकेटचे लांब लहरींचे किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात, चरबीपर्यंत पोचतच नाहीत. १०६० नॅनोमीटरचं, म्हणजे त्याहून खूप आखूड लहरींचं, लेझर मात्र पोचतं. ते त्वचा गार ठेवून आतली चरबी ४२ ते ४७ अंशांपर्यंत तापवतं. तेही इंच कमी करतं, वजन नव्हे, आणि फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘एका सिटिंगमध्ये दोन इंच’ म्हणणाऱ्या ताईंना टेप नेमकी कुठे धरली ते विचारा! गरोदर असाल, बीपीची गोळी चालू असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर ब्लँकेटच्या वाटेला जाऊ नका.