शनिवार-रविवारी बघण्यासारखे जबरदस्त माहितीपट कोणते?

एकच बघायचा असेल तर आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं. मी तो दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा मनात राहिली ती गाणी. वस्तीत ढोलकीवर थाप पडते, बायका-पोरं दाटीवाटीनं बसून ऐकतात, आणि शीतल साठेचा आवाज चढला की अंगावर काटा येतो. आंबेडकरी जलसे पुस्तकात वाचून जे कळत नाही ते इथे कळतं. बराचसा मराठीतच आहे, त्यामुळे आपल्याला सबटायटलची फारशी गरज पडत नाही.

फक्त जवळपास तीन तासांचा आहे आणि सुरुवातीची काही दृश्यं फार जड जातात. लहान मुलं सोबत असतील तर आधी शौनक सेनचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) लावा. दिल्लीतले दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, त्याच जागेत त्यांचा सोप डिस्पेन्सर बनवायचा धंदाही चालतो. त्यांचा मदतनीस रिक्षात बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून हळूच खार काढतो, तो प्रसंग चुकवू नका. हा हिंदीत आहे, साधारण दीड तासाचा.