चकचकीत पानावर पेन चालवताना

प्रश्न : लंडनच्या चित्रकार हॅटी स्टुअर्ट फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवरच डोळे, ओठ, बदाम रंगवतात. मीही पोस्का पेन (रंग भरलेलं मार्कर) घेऊन बसते, पण रंग थेंबाथेंबांनी गोळा होतो आणि दुसरा हात दिला की खालचा निघून येतो. काय चुकतंय? (वाचक, सांगली)

उत्तर : पेन बरोबर आहे, अडचण पृष्ठभागाची. मुखपृष्ठावर लॅमिनेशन किंवा वॉर्निश असतं, पोस्काचा रंग मात्र पाण्यातला. बोटांचं तेल लागलेल्या जागी तो फाटतो. मऊ सुती कापडाने पान कोरडं पुसा आणि मनगटाखाली कोरा कागद ठेवा. स्पिरिट वापरायचंच तर आधी कोपऱ्यावर. आतल्या पानांची छपाईची शाई त्याने सुटू शकते.

पेन टोपण लावून हलवा. टोक दाबून रंग उतरवायचा तो रद्दी कागदावर, नाहीतर चित्रावर डबकं झालंच म्हणून समजा. भरायला पोस्काचं पीसी-5एम (टोक 1.8 ते 2.5 मिमी), रेघेला पीसी-1एमआर (0.7 मिमी). चकचकीत पान पाणी पीत नाही, त्यामुळे रंग फक्त हवेनेच वाळतो. 15 मिनिटं तरी थांबा, पावसाळ्यात जास्त. दुसरा हात हलका, एकाच दिशेने. त्याच जागी घासलंत की पहिला थर टोकाबरोबर येणारच. काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. वरून वॉर्निश हवं असेल तर स्प्रेचं, पातळ थरांत. ब्रशने लावलेलं रेघा फिसकटवतं.

आता प्रेरणेचं. बदाम आणि मिचकावणारे डोळे ही हॅटी स्टुअर्ट यांची ओळख. तीच उचललीत तर नक्कल होईल. घ्यायची असेल तर पद्धत घ्या. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून कपड्याच्या चुण्या कुठे वळतात, प्रकाश कुठून येतो ते आधी काढा आणि आकार त्या ओघात बसवा. फोटोतला एखादा भाग, हात किंवा केस, मुद्दाम मोकळा सोडा. तो झाकला की खाली फोटो होता हेच कळत नाही. (आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात राजेरजवाड्यांचे फोटो जलरंगांनी असे रंगवत की कधीकधी मूळ छापा शोधावा लागतो!)

प्रश्न : असं चित्र विकता येईल का? (वाचक, पुणे)

उत्तर : सरावापुरतं ठीक. प्रिंट काढून विकायच्या तर फोटोच्या हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. भारतात फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. मित्रमंडळींपैकी कुणाकडून फोटो काढून घेतलात, तरी त्यालाही विचारा.