टोयोटाचा २०५० चा पर्यावरण आराखडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जपानच्या टोयोटा कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘पर्यावरण आव्हान २०५०’ या नावाने एक दीर्घकालीन आराखडा जाहीर केला. मोटार उद्योगातील अशा योजनांमध्ये तो लवकर आलेला आणि बऱ्यापैकी तपशीलवार आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीची हरित आश्वासने कशी तपासावीत हे त्याच्या आधारे नीट समजावून सांगता येते. त्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : या आराखड्यात नेमके काय आहे? आणि उद्दिष्टे पस्तीस वर्षांपुढची असतील, तर आज जाब कोणाला विचारायचा?

आराखड्यात सहा आव्हाने आहेत. नव्या गाड्यांच्या वापरातून होणारे कार्बन डायऑक्साइडचे सरासरी उत्सर्जन २०५० पर्यंत २०१० च्या तुलनेत नव्वद टक्क्यांनी घटवणे हे पहिले. गाडीच्या संपूर्ण आयुष्यातील, म्हणजे कच्च्या मालापासून भंगारापर्यंतचे उत्सर्जन शून्यावर आणणे हे दुसरे, तर कारखान्यांतील उत्सर्जन शून्यावर आणणे हे तिसरे. उरलेली तीन पाण्याचा वापर, वस्तूंचा पुनर्वापर आणि निसर्गसंवर्धन यांविषयी आहेत. ही घोषणा झाली तेव्हा फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या चाचण्यांत केलेली फसवणूक उघड होऊन जेमतेम महिना झाला होता आणि पॅरिसची हवामान परिषद दीड महिन्यावर आली होती, हा संदर्भही लक्षात ठेवावा.

जाब विचारण्याचा आपला मुद्दा रास्त आहे. २०१५ मध्ये व्यासपीठावर बसलेल्यांपैकी २०५० मध्ये बहुधा कोणीही पदावर नसेल, म्हणून माझ्या मते अशा आराखड्यांत मधल्या टप्प्यांच्या उद्दिष्टांनाच खरी किंमत असते. टोयोटाने तशी उद्दिष्टे दिली होती. २०२० पर्यंत हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या, गाड्यांची एकूण विक्री दीड कोटींवर नेण्याचे ठरले होते आणि तो आकडा २०२० च्या सुरुवातीलाच गाठला गेला. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेल गाड्या मात्र २०२० च्या सुमारास वर्षाला तीस हजार विकल्या जातील, असे जे म्हटले होते ते घडले नाही. त्या वर्षीची प्रत्यक्ष विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही. हायड्रोजन भरण्याची केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत आणि गाडीची किंमतही उतरली नाही. उलट कारखान्यांच्या बाबतीत कंपनीने स्वतःहून मुदत अलीकडे आणली : २०५० ऐवजी २०३५ पर्यंत जगभरातील कारखाने कार्बन-तटस्थ, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य असलेले, करण्याचे तिने जून २०२१ मध्ये जाहीर केले. एक उद्दिष्ट पार पडले, एक साफ हुकले, एक आधीच्या तारखेवर आले, आणि हे आपण ठामपणे म्हणू शकतो ते केवळ मधले आकडे लेखी दिलेले होते म्हणूनच.

प्रश्न : कारखान्यांच्या छपरांवरील सौरपट्ट्यांची छायाचित्रे सगळ्याच कंपन्यांच्या अहवालांत असतात. एकूण प्रदूषणात कारखान्याचा वाटा खरोखर किती असतो?

कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांचा वाटा लहान असतो. सर्वांत मोठा वाटा विकलेल्या गाड्या रस्त्यावर धावताना जाळतात त्या इंधनाचा असतो. हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते, पण त्यातील कार्बन जळताना हवेतील प्राणवायूशी जोडला जातो आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे वजन सुमारे २.३ किलो होते. लिटरला पंधरा किलोमीटर चालणारी गाडी आपल्या आयुष्यात दोन लाख किलोमीटर धावली, तर ती तेरा हजार लिटरांहून अधिक पेट्रोल पिते, म्हणजे सुमारे तीस टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. या तुलनेत स्वतः गाडीचे वजन टन-दीड टनच असते. म्हणून कारखान्याचे उत्सर्जन निम्म्यावर आले हे वाचताना, विकलेल्या गाड्यांच्या उत्सर्जनाचा आकडा कोणत्या पानावर आहे हे शोधण्याची सवय ठेवावी.

तरीही कारखान्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही, कारण तेथील सुधारणा पूर्णपणे कंपनीच्याच हातात असते. तिला ग्राहकाच्या आवडीनिवडीची किंवा पेट्रोलच्या भावाची सबब सांगता येत नाही. मोटारीच्या कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा खाणारा विभाग म्हणजे पेंट शॉप. रंग नीट बसावा म्हणून रंगकामाच्या बंदिस्त खोलीतील हवेचे तापमान आणि आर्द्रता ठरावीक ठेवावी लागते, ती हवा सतत खेळती ठेवावी लागते, आणि त्यानंतर रंगवलेली बॉडी दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या लांबलचक भट्टीतून न्यावी लागते. नेहमीच्या पद्धतीत रंगाचा फवारा दाबाखालच्या हवेने मारला जातो. ती हवा पत्र्यावर आपटून उलटी फिरते आणि रंगाचे सूक्ष्म कण बरोबर घेऊन जाते. त्यामुळे फवारलेल्या रंगापैकी साठ-सत्तर टक्केच पत्र्यावर बसतो. बाकीचा खोलीच्या तळाशी गोळा करून निस्तरावा लागतो. टोयोटाने २०२० मध्ये हवेऐवजी केवळ स्थिर विद्युतभाराने रंगाचे कण पत्र्याकडे ओढून घेणारा फवारा जाहीर केला आणि त्यात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रंग पत्र्यावर बसतो असे सांगितले. वाया जाणारा रंग घटला की तो गोळा करणारी यंत्रणा लहान होते, आणि रंगकामाची खोली लहान झाली की तेथील हवा राखण्याचा खर्चही उतरतो. अशा कामाचे छायाचित्र सौरपट्ट्यांइतके देखणे निघत नाही, पण अहवालात मी आधी तेच शोधतो.

प्रश्न : ‘नव्वद टक्के घट’ म्हणजे नेमकी कशातील घट?

ही घट एका नव्या गाडीच्या सरासरी उत्सर्जनातील आहे, कंपनीच्या सर्व गाड्यांच्या एकूण उत्सर्जनातील नाही, आणि या दोहोंत मोठा फरक पडू शकतो. समजा दर गाडीमागचे उत्सर्जन तेहतीस टक्क्यांनी कमी झाले, पण त्याच काळात विक्री वीस टक्क्यांनी वाढली, तर एकूण घट वीस टक्क्यांच्याच आसपास राहते. वातावरणाला सरासरी कळत नाही. तेथे एकूण टन मोजले जातात.

दुसरा मुद्दा काळाचा. आज विकलेली गाडी पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ रस्त्यावर राहते. २०५० मध्ये रस्त्यावरील सगळ्याच गाड्यांचे उत्सर्जन जवळपास शून्य हवे असेल, तर नव्या गाड्या २०३५ च्या सुमारासच तशा व्हायला हव्यात. या कसोटीवर २०१५ चा मूळ आराखडा कमी पडतो, कारण त्यातील नव्वद टक्क्यांचे लक्ष्य २०५० मध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने नवी मधली उद्दिष्टे दिली : २०१९ च्या तुलनेत सरासरी उत्सर्जनात २०३० पर्यंत तेहतीस टक्के आणि २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांहून अधिक घट. ही दिशा योग्य आहे, वेग मात्र अपुरा आहे. शिवाय येथे पायाभूत वर्ष २०१० वरून २०१९ झाले आहे, तेव्हा जुने आणि नवे टक्के थेट शेजारी ठेवून तुलना करू नये.

प्रश्न : विजेवरची गाडी बनवतानाच इतके प्रदूषण होते की तिचा फायदा उरत नाही, असे ऐकतो. हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. बॅटरी बनवताना दर किलोवॉट-तास क्षमतेमागे साधारण साठ ते शंभर किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे साठ किलोवॉट-तासांची बॅटरी कारखान्यातून निघतानाच चार ते सहा टनांचे ओझे घेऊन येते. पण पेट्रोल गाडीच्या आयुष्यभराच्या तीस टनांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. पुढचा हिशेब वीज कशापासून बनते यावर ठरतो. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, मध्यम आकाराच्या विजेवरच्या गाडीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्क्यांनी, तर कोळशावर अधिक विसंबून असलेल्या चीनमध्ये ३७ ते ४५ टक्क्यांनी कमी भरले. फायदा दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही.

टोयोटाच्या दुसऱ्या आव्हानाचे महत्त्व येथे कळते. गाडी विजेवर गेली की धुराचा प्रश्न सुटतो आणि धातूंचा उरतो. झोतभट्टीत बनवलेल्या एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवण्याला लागते त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा ते भंगारातून परत मिळवण्याला लागते. पुरवठादार हा धातू कोठून आणतात हे कंपनीने ठरवून घेतले नाही, तर दुसरे आव्हान कागदावरच राहील.

प्रश्न : मग टोयोटा अजून हायब्रीड गाड्यांवर एवढा भर का देते?

कंपनीचा युक्तिवाद असा : लांब पल्ल्याच्या एका विजेवरच्या गाडीला जेवढी दुर्मीळ खनिजे लागतात, तेवढ्यांत सहा प्लग-इन हायब्रीड (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) किंवा नव्वद साध्या हायब्रीड गाड्या बनतात, आणि त्या नव्वद गाड्या मिळून त्या एका गाडीच्या सदतीसपट कार्बन वाचवतात. १९९७ मध्ये प्रियस ही हायब्रीड गाडी बाजारात आणणाऱ्या कंपनीचे हे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. बॅटरीचा पुरवठा हीच खरी अडचण आहे तोपर्यंत हा हिशेब बरोबर ठरतो.

पण ही अडचण कायमची नाही. निकेल आणि कोबाल्ट न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर वापरात आल्या आहेत, आणि बॅटरीतील धातू भंगारातून परत मिळवता येतात. जळालेले पेट्रोल कोणालाच परत मिळवता येत नाही. प्लग-इन गाड्यांविषयी तर युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदी विचार करायला लावणाऱ्या आहेत : त्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले, कारण त्या गृहीत धरल्यापेक्षा फारच कमी वेळ विजेवर चालवल्या जातात.

मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आराखड्यातच आहे. साधी हायब्रीड गाडी शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच घेते, त्यामुळे नव्वद टक्के घट तिच्या आवाक्यात नाही. म्हणजे कंपनीने २०१५ मध्ये स्वतःच ठरवलेले लक्ष्य हायब्रीडला वाटेतला टप्पा ठरवते. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने २०३० साली विजेवरच्या पस्तीस लाख गाड्या विकण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. २०२३ मध्ये एक कोटीहून अधिक गाड्यांच्या विक्रीत अशा गाड्या होत्या लाखाच्या आसपास. हे अंतर फार मोठे आहे आणि कंपनीच्या ग्राहकांनी त्याविषयी विचारत राहिले पाहिजे.

प्रश्न : पाणी, भंगार आणि झाडे यांविषयीची आव्हाने केवळ शोभेची आहेत का?

तिन्ही एका मापाने मोजू नयेत. पाण्याचे काम स्थानिक आहे : पावसाचे पाणी साठवणे, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, आणि नदीत सोडायचे ते स्वच्छ करून सोडणे. त्याचे मोल त्या त्या खोऱ्यातील टंचाईवर ठरते, म्हणून जागतिक सरासरीतून फारसे काही कळत नाही. भंगाराचे काम मला मोलाचे वाटते. जपानमध्ये २००५ पासून मोडीत काढायच्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा पूर्णपणे लागू आहे, आणि एअरबॅग, वातानुकूलनातील वायू व गाडीचा चुरा केल्यावर उरणारा कचरा यांच्या विल्हेवाटीचे शुल्क गाडीचा मालक आधीच भरतो. युरोपीय संघाने गाडीच्या वजनापैकी पंचाण्णव टक्के भाग पुन्हा उपयोगात आणण्याचे बंधन २०१५ पासून घातले. जेथे असे कायदे नाहीत तेथेही शास्त्रशुद्ध मोडणी केंद्रे उभारण्यासाठी टोयोटाने जगभरात शंभर केंद्रांचा प्रकल्प हाती घेतला. निसर्गसंवर्धनात, धोक्यातील प्रजातींची लाल यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेला २०१६ पासून दिलेले अर्थसाहाय्य उपयुक्त आहे. मात्र लावलेली झाडे गाड्यांच्या धुराच्या हिशेबातून वजा करू नयेत.

प्रश्न : कंपनीचा हेतू प्रामाणिक आहे, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

हेतू दिसत नाही, पण कृती दिसते. तीत कारखान्यातील कामाबरोबरच, नियम घडत असताना कंपनी कोणत्या बाजूला उभी राहिली हेही येते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कॅलिफोर्नियाचा स्वतःचे कडक धूरनियम करण्याचा अधिकार काढून घेतला, तेव्हा फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांनी आधीच कॅलिफोर्नियाशी समझोता केलेला होता. टोयोटा मात्र जनरल मोटर्स आणि फियाट क्रायस्लरसह न्यायालयात केंद्र सरकारच्या बाजूने उतरली, आणि सरकार बदलल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, मागे फिरली. उत्सर्जन नव्वद टक्क्यांनी घटवण्याचा आराखडा २०१९ मध्ये चार वर्षांचा झाला होता. ज्या कंपनीने तो लिहिला तिने कडक नियमांविरुद्ध उभे राहावे, हे मला आजही पटत नाही.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की तीन नोंदी काढाव्यात : विकलेल्या गाड्यांच्या वापरातून होणारे एकूण उत्सर्जन किती टन, ते आदल्या वर्षापेक्षा वाढले की घटले, आणि कंपनी ज्या उद्योगसंघटनांची सदस्य आहे त्या धूरनियमांविषयी काय भूमिका घेतात. शेवटची नोंद पुष्कळ अहवालांत शोधूनही सापडत नाही. तशी ती सापडली नाही, तर तेवढे विचारणारे पत्र कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला पाठवावे.