बिलच्या आईकडे काळे का दिसते?

प्रश्न : माझी लेक नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडे गेले असताना मी एकदा परसात दोरीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून ‘इट्स अ बिट ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स’ एवढेच म्हणाल्या आणि घरात गेल्या. बिलच्या आईकडे काही वाईट घडले असावे, असे वाटून मी संध्याकाळी विचारपूस केली, तर त्यांना हसू आवरेना. याचा अर्थ काय?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : बिलच्या आईला काहीही झालेले नाही, आपले कपडे मात्र बहुधा भिजले असावेत. ‘त्या बाजूला आभाळ काळवंडले आहे, पाऊस येईलसे दिसते’ एवढाच याचा अर्थ. हा वाक्प्रचार इंग्लंडच्या मध्य भागातला, म्हणजे नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या पट्ट्यातला असल्यामुळे शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर तो उलगडत नाही. ‘मदर्स’ या शब्दात घर गृहीत धरलेले आहे. आपण ‘मामाकडे’ म्हणतो, तेव्हा घराचा उच्चार कुठे करतो?

आता हा बिल कोण? विल्यमचे लाडके रूप बिल, म्हणून काही जण थेट विल्यम शेक्सपिअरपर्यंत पोहोचतात. त्याची आई मेरी आर्डन ही स्ट्रॅटफर्डजवळच्या विल्मकोटची, आणि ते गाव लेस्टरहून पाहिल्यास नैर्ऋत्येला येते. तिकडचे वारेही बहुतेक नैर्ऋत्येकडूनच वाहतात, त्यामुळे ही कथा पटण्याजोगी वाटते. पुरावा मात्र काहीच नाही. दुसरी कथा पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या जर्मन सम्राटाची, म्हणजे कैसर विल्हेल्मची; विल्हेल्म हे विल्यमचेच जर्मन रूप. ती मला मुळीच पटत नाही, कारण त्याची आई १९०१ मध्येच वारली होती आणि जर्मनी तर इंग्लंडच्या पूर्वेला. शिवाय बोलणारी माणसे दिशा पाहत नाहीत. ढग ज्या बाजूला असतील, त्या बाजूला बिलच्या आईचे घर! एखाद्या विशिष्ट बिलचा शोध घेणे म्हणूनच मला व्यर्थ वाटते.

आपण इंदूरकर ‘महूकडे भरून आलंय’ म्हणतो, तेव्हा निदान महू नैर्ऋत्येला असते आणि पावसाळ्यात ढगही बहुधा तिकडूनच येतात. आजीबाईंच्या वाक्यातले ‘अ बिट’, म्हणजे ‘जरासे’, हे मात्र शब्दशः घेऊ नये. आभाळ पार काळेकुट्ट झाले, तरी तिथली माणसे ‘जरासे’च म्हणतात. पुन्हा ते वाक्य कानावर पडले, तर आधी दोरीवरचे कपडे काढावेत.